रात्री आठचा तास

२२ जुलै २०२४, सोमवार
बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा ऑनलाइन तास आजपासून सुरू. मुलं बहुतेक दिवसा कामाला जाणारी. कुणी एमआयडीसीत, कुणी पतसंस्थेत, एक जण मेडिकलच्या काउंटरवर. पडद्यावर नुसती नावं. विभागप्रमुखांचं म्हणणं, "कॅमेरा सक्तीचा करा मॅडम, नाहीतर वचक राहत नाही." मी करणार नाही. कॅमेरा लावला की रोजचा दीड जीबीचा पॅक भराभर संपतो आणि गावाकडच्या रेंजवर आवाजही तुटतो. समोरच्या बाकावर बसलेलं पोर ऐकत असतंच, असं तरी कुठे आहे?

२५ जुलै, गुरुवार
गेल्या वर्षीच्या लांबलचक व्हिडिओचे तुकडे केले. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्सवर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख बैठका तपासून २०१४ साली दाखवलं, की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न. उत्तर वहीत सोडवायचं, पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. नुसता पर्याय निवडून चालणार नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार
आज फोटो तपासताना गंमतच झाली. उदाहरण साधं होतं: पाच दिवस डेअरीला घातलेलं दूध, १२, १४, १६, १८, २० लिटर. सरासरी १६. फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज ४०, व्हेरिअन्स ८. पतसंस्थेतल्या मुलीचं उत्तर शून्य! खाली ठळक अक्षरात, "दुधात काहीच चढउतार नाही." पान मोठं करून पाहिलं. सरासरी बरोबर, फरक बरोबर. −४ च्या वर्गापुढे मात्र −१६, −२ च्या वर्गापुढे −४. मग बेरीज शून्यच येणार. फोन लावला.
"उणे चारचा वर्ग किती गं?"
"सोळा, मॅडम."
"मग हे काय लिहिलंस?"
"कॅल्क्युलेटरवर तसंच आलं ना!"
तिचं खरं होतं. तिच्याकडच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कंस न घालता −४ टाकून वर्गाची कळ दाबली, की यंत्र आधी ४ चा वर्ग करतं आणि मग उणे लावतं. पोरीला गणित येत होतं. यंत्रावरचा विश्वास जरा जास्त होता, इतकंच. आणखी फोटो चाळले, तर तेच शून्य तीन-चार वह्यांत. रात्रीच दोन मिनिटांचा ऑडिओ करून ग्रुपवर टाकला: कंस घाला, आणि वर्गांची बेरीज शून्य आली तर थांबून विचार करा. पर्यायांची चाचणी दिली असती तर 'चूक' एवढंच दिसलं असतं. कुठे चुकलं ते तिलाही कळलं नसतं, मलाही नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार
"व्हिडिओ तीनदा बघितला, तरी पेपरात आठवत नाही." ही तक्रार आता पाठ झाली आहे. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग मुलांना सांगितला. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. आता तासाची पहिली पाच मिनिटं वही मिटून मागचं लिहायचं. कुरकुर आहे. असू दे.

११ सप्टेंबर, बुधवार
गौरीपूजन. तासाला चिटपाखरू नाही, आणि येणार तरी कोण? मुली पुरणात, मुलं आरतीत. मुदत वाढवून मागणारे मेसेज मात्र भरपूर. मी स्वतः एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स करते आहे. तिथे बारांपैकी उत्तम आठ असाइनमेंट धरतात आणि त्यांना २५ टक्के वजन, उरलेले ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला. तोच नियम उचलला: आठांपैकी उत्तम सहा धरणार. सणवार, आजारपण, ओव्हरटाइम, सगळं त्यात बसतं आणि कुणाला कारणं रचावी लागत नाहीत.

१९ सप्टेंबर, गुरुवार
नकलेवर उपाय: आकडे ज्याचे त्याने आणायचे. एसटीला झालेला उशीर, घरचं दूध, दुकानातला गल्ला. एकाची वही दुसऱ्याच्या कामाची नाही. तपासायला वेळ दुप्पट लागतो, हेही खरं.

७ ऑक्टोबर, सोमवार
पुढच्या सत्रासाठी रेकॉर्डिंगचा कॅमेरा, दिवे, हिरवा पडदा घ्यायचा प्रस्ताव बैठकीत आला. शिवाय दोन तुकड्या एकत्र करून एकच शिक्षक द्यायचा, कारण "व्हिडिओ तर एकदाच करायचा असतो." मी विरोध लेखी दिला. व्हिडिओ मोबाइलवर झाला तरी चालतो. वही तपासणारा माणूस हवा. साठाच्या वर मुलं असतील तर आठवड्याला प्रत्येकाचं पान बघून उत्तर देणं एकट्याला जमत नाही. कॅमेऱ्याच्या पैशात तासिका तत्त्वावर एक सहायक शिक्षक नेमावा, अशी मागणी आहे. प्राचार्यांनी अर्ज ठेवून घेतला आहे.