स्कूबाचा फॉर्म आणि बायकोचा जुना एक्स-रे

गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. त्या निमित्ताने अंदमानला जायचं, हे मुलीने ऑगस्टमध्येच ठरवून टाकलं. ती बंगळूरला नोकरी करते, त्यामुळे हल्ली ठरवणं तिचं आणि हो म्हणणं आमचं. सेल्युलर जेल माझ्यासाठी, समुद्रकिनारा धाकट्यासाठी आणि हॅवलॉक बेटावरचं, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचं, स्कूबा डायव्हिंग तिच्या आईसाठी.

हो, आईसाठी. माझी बायको अठ्ठेचाळिसाव्या वर्षी महापालिकेच्या तलावात पोहायला शिकली. मी लहानपणी कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलो होतो, त्यामुळे मला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिने मात्र दोन उन्हाळे सकाळी सहाची बॅच चुकवली नाही. टीव्हीवर समुद्राखालचे मासे लागले की आमच्याकडे भाजी करपते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मुलीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डायव्हिंगवाल्यांचा आरोग्याचा फॉर्म टाकला आणि पाठोपाठ निरोप: "बाबा, एजंट म्हणतोय सगळ्यांना 'नाही' टाका. एक जरी 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. पण डॉक्टर तर घरातच आहे!"

त्या सहीबद्दल आधी एक कबुली देतो. मे महिन्यात स्विमिंग टँकच्या सर्टिफिकेटसाठी माझ्याकडे रांग लागते. मूल दारातच उभं, आई म्हणते, "डॉक्टर, फक्त एक सही." छातीला स्टेथो लावतो, सही करतो, पुढचा पेशंट. पंचवीसेक वर्षांत अशा किती सह्या केल्या असतील, देव जाणे. त्यामुळे एजंटवर चिडायचा अधिकार मला फार नव्हता.

तरी फॉर्म वाचायला घेतला. मुख्य प्रश्न दहाच. फुप्फुसं, हृदय, कान-नाक, फिट्स, मधुमेह, ऑपरेशनं, रोजची औषधं. एक प्रश्न पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी: रक्तदाब आहे का, कोलेस्टेरॉल जास्त आहे का, सिगारेट ओढता का, जवळच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत हृदयविकार झाला का. मी छप्पन्न वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, आणि माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. म्हणजे मी एकाच प्रश्नात दोनदा सापडलो.

बायको चष्मा लावून आपला फॉर्म वाचत होती. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर हळूच म्हणाली, "अहो, माझं 'ते' लिहायचं का?"

'ते' म्हणजे टीबी. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला फुप्फुसाचा क्षयरोग झाला होता. दोन महिने रोजचं इंजेक्शन, नऊ महिने गोळ्या, एक वर्ष वाया. आमचं लग्न ठरताना तिच्या वडिलांनी हे माझ्या वडीलधाऱ्यांपैकी एकालाच सांगितलं, आणि मला. माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलांना सांगायचा प्रश्नच आला नाही. आजार बरा झाला होता, विषय संपला होता. निदान मी तरी, एमडी मेडिसिन असूनही, असंच धरून चाललो होतो.

हे तिने लिहायला का हवं होतं, ते समजायला थोडं शाळेतलं विज्ञान लागेल.

समुद्रात दहा मीटर खाली गेलं की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. तिथे श्वास घ्यायचा तर टाकीतली हवाही तितक्याच दाबाने यावी लागते, आणि ती तशी येते. आता तिथून वर यायला लागा. दाब निम्मा होतो, म्हणून तीच हवा दुप्पट जागा मागते. निरोगी फुप्फुसातून ती श्वासावाटे निघून जाते. म्हणूनच डायव्हिंगचा पहिला नियम श्वास रोखू नका हा आहे. छाती भरून घेऊन श्वास रोखला, तर मीटर-दीड मीटर वर येतानाही फुप्फुस फाटू शकतं.

जुन्या टीबीने कधी कधी फुप्फुसात व्रण राहतो, आणि त्याच्या शेजारी हवेचा एखादा फुगा किंवा पोकळी. तिच्यात जाणारी वाट आक्रसलेली असते. खाली असताना दाबाखालची हवा तिच्यात हळूहळू भरते आणि वर येताना तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. फुगा फुटला तर हवा छातीत साठून फुप्फुस मिटतं. किंवा ती रक्तवाहिनीत शिरून थेट मेंदूकडे जाते, म्हणजे पाण्यातून वर आल्या आल्या पक्षाघात. न्यूमोथोरॅक्स होऊन गेलेल्यांना, दम्याचे झटके येणाऱ्यांना डायव्हिंग नको म्हणतात त्याचं कारणही याच जातीचं.

मी तिचा साधा एक्स-रे काढला. उजव्या बाजूला वर जुना व्रण, बाकी स्वच्छ. फुंकण्याची तपासणीही जवळजवळ नॉर्मल. मला वाटलं, झालं, जाऊ दे हिला. सही करायला पेनही उचललं होतं. पण नवऱ्याने बायकोच्या फॉर्मवर सही करावी हे काही बरं दिसेना, म्हणून छातीचा डॉक्टर असलेल्या वर्गमित्राकडे पाठवलं. त्याने सीटी स्कॅन करायला लावला. त्या व्रणाला लागून साधारण दोन सेंटिमीटरचा, पातळ भिंतीचा हवेचा फुगा होता. एक्स-रेमध्ये मला दिसला नव्हता. पुन्हा पाहिला, तरी दिसला नाही.

मित्र तिला म्हणाला, "वहिनी, चाला, धावा, पोहा, सगळं करा. टाकी लावून खाली जायचं नाही."

घरी येईपर्यंत ती गाडीत एक अक्षर बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "चौतीस वर्षं झाली हो. अजून किती दिवस तो माझ्या मागे लागणार?" माझ्याकडे याचं वैद्यकीय उत्तर होतं आणि ते देण्यात काही अर्थ नव्हता.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग चिडली. स्कूबासाठी नाही. "मला डॉक्टरांनी दोनदा विचारलंय, घरात कुणाला टीबी होता का. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मला कुणीच कसं सांगितलं नाही?" ते बरोबरच होतं. दवाखान्यात मी रोज लोकांना विचारतो आणि त्यांनी लपवलं की वैतागतो.

टीबी होऊन गेलेल्या प्रत्येकाला डायव्हिंग बंद, असं मात्र नाही. अनेकांची फुप्फुसं छान भरून येतात आणि अशांना परवानगी मिळू शकते. पण तो निर्णय सीटी पाहून छातीच्या डॉक्टरने घ्यायचा. आपल्या देशात हा आजार इतक्या घरांत होऊन गेलेला आहे की या प्रश्नापाशी आपण जरा जास्त थांबायला हवं.

तिने लगेच विचारलं, "मग विमानाचं काय? इतके वेळा बसले की." प्रश्न चांगला होता. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा फार तर पाव हिश्शाने कमी होतो, आणि तोही सावकाश. दहा मीटरवरून वर येताना तो मिनिटाभरात निम्मा होतो. मित्राने विमानाला हरकत घेतली नाही. स्नॉर्केलिंगलाही नाही, कारण पृष्ठभागावर तरंगत नळीतून घेतलेली हवा साध्याच दाबाची असते. बुडी मात्र मारायची नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान हृदयरोगतज्ज्ञाच्या बाहेर तासभर बाकावर बसलो. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयावर ताण वाढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारणं, वर भीती. मध्यमवयीन माणसं डायव्हिंगमध्ये दगावतात त्यात हृदयाचा वाटा मोठा असतो. शार्क फक्त सिनेमात. ट्रेडमिल टेस्ट झाली, पास झालो, सही मिळाली. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी वेगळं विचारावं, कारण त्या गोळ्या श्रम करायची ताकद कमी करतात. मधुमेहाला इन्सुलिन घेणाऱ्यांनीही. पाण्याखाली साखर उतरली तर तिथे कुणी ग्लुकोज देत नाही.

मग तारखांचं भांडण. एजंटच्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत डायव्हिंग, संध्याकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान होतं. म्हणजे मध्ये सतरा तास. खाली असताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. गोटी सोड्याची गोटी दाबली की बुडबुडे कसे उसळतात, तसं दाब एकदम कमी झाला तर रक्तात होतं. सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं, कधी लकवा. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना दाबाच्या हवेत काम केलेल्या मजुरांना हाच आजार झाला, आणि मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंगही त्यानेच अंथरुणाला खिळला. एका साध्या डायव्हनंतर किमान बारा तास, आणि एकाहून जास्त डायव्ह किंवा सलग काही दिवस केले तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. मुलीचे दोन दिवसांत तीन डायव्ह होते. आम्ही कार्यक्रम उलटा केला: आधी हॅवलॉक, मग नील, आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी. एजंट म्हणाला, "सर, असं कुणी करत नाही." करावं.

त्याला आणखी एक विचारलं, दाबाच्या आजारावर उपचार करणारी चेंबर जवळ कुठे आहे? त्याला माहीत नव्हतं. ती पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात आहे, म्हणजे हॅवलॉकहून समुद्र ओलांडून. मेडिक्लेमची पॉलिसीही काढून वाचली. साहसी खेळ वगळलेले होते, बारीक अक्षरात. वेगळा विमा घेतला.

आणि सर्दी. पंधरा वर्षांच्या धाकट्याला निघायच्या आदल्या रात्री शिंका सुरू झाल्या. कान आणि घसा जोडणारी नळी सुजली की खाली जाताना कानात हवा भरता येत नाही आणि पडदा आत ओढला जातो. बेटावरच्या एकाने "नाकात थेंब टाका, उघडेल" असं सुचवलं. थेंबांचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना कान पुन्हा बंद होतो, आणि ते जास्त वाईट, कारण वर तर यावंच लागतं. त्याला दोन दिवस किनाऱ्यावर बसवलं. तो माझ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं, मग गेला. बोटीवर मळमळू नये म्हणून आपण घेतो त्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन डायव्हिंगला उतरायचं नाही, हेही त्याला तिथेच सांगितलं. त्याने हेडफोन लावले.

मी खाली गेलो. इतक्या तपासण्या करून शेवटी तीन मीटरवर माझा डावा कान अडकला. प्रशिक्षकाला खूण केली, मीटरभर वर आलो, नाक दाबून हवा भरली, उघडला. मग आठेक मीटरपर्यंत गेलो. प्रवाळ, पट्टेरी मासे, सगळं पाहिलं, पण खरं सांगायचं तर निम्मा वेळ मी स्वतःचा श्वास मोजत होतो.

नीलला बायको लाइफ जॅकेट घालून, नळी लावून किनाऱ्याजवळ तरंगत होती. चाळीस मिनिटं डोकं वर काढलं नाही, म्हणून मी बोटीवरून हाका मारायला लागलो. शेवटी वर आली ती चिडूनच. तिच्या अगदी खाली, हात लांब केला तर लागेल इतक्यावर एक मोठं कासव गवत खात होतं, आणि माझ्या ओरडण्याने तिचं लक्ष विचलित झालं होतं. आम्ही तिघे पाण्याखाली जाऊन आलो होतो. कासव कुणालाच दिसलं नव्हतं.