वाढवणचा जमाखर्च

आमच्या डहाणूचं नाव निघायचं ते चिकूवरून. आता लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, "अय्या, म्हणजे ते वाढवण बंदर तुमच्याकडेच ना?" हो बाई, आमच्याच तालुक्यात.

बंदर इथंच का? तर वाढवणसमोरच्या समुद्राला सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोली आहे. जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजं तिथं लागू शकतील. 1989 साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याला तेवढी खोली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. अंदाजे खर्च 76,220 कोटी रुपये! आपल्या वाणसामानाच्या वहीत न मावणारा आकडा.

पण हा किनारा नाजूक. 1991 साली केंद्र सरकारनं सारा तालुकाच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं इथं बंदर नको म्हटलं. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणानं अटी घालून होकार दिला. आता 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडायचा आहे.

आमच्या घरातही दोन मतं. मुलगा म्हणतो, "आई, नोकरीसाठी जन्मभर लोकलनंच बोरिवली गाठायची का?" त्याचं चुकतं, असं मला म्हणवत नाही. आणि दाराशी येणाऱ्या मासळीवाल्या मावशी टोपली उतरवताना म्हणतात, "होडी मालकांच्या नावावर, ताई. बोंबील वाळवते मी, दारोदार फिरते मी. भरपाईच्या कागदावर माझं नाव कोण लिवणार?"

मैत्रिणींनो, माझं मन अडलं ते इथं. होडीला कागद असतो, जाळ्याची पावती असते. उन्हात पालथे-उलथे केलेल्या बोंबलांची पावती कोण देतं? मोजदाद करणारे येतील तेव्हा जे लिहिलेलं असेल, तेच धरतील.

म्हणून मावशींच्या शाळकरी नातीला मी एक वही दिली आहे. रोज चारच गोष्टी लिहायच्या: तारीख, मासळी कुठली, किती विकली, हातात किती उरले. शेजारच्या दोघींनीही आता तशा वह्या घातल्या आहेत.

बंदराचा निर्णय मोठ्या माणसांचा. पण त्यांच्या हिशेबात या बायकांच्या कष्टाचा रकाना रिकामा राहू नये, एवढं तर आपल्याला करता येईल ना?