कापसाच्या मागे मागे

आमच्याकडे पायी फिरणे हा प्रकारच नाही. पायी चालणे आहे, आणि ते भरपूर आहे. वावरात जायचे, पाण्याला जायचे, एस.टी.ने फाट्यावर सोडले की तिथून गाव गाठायचे. पण काही काम नसताना, नुसते बघायला म्हणून कुणी रस्त्याने निघाले, आणि त्यातून ती पोरगी असली, की चार घरे ओलांडेपर्यंत तीन जण विचारतात, "कुठं चालली वं?" त्यामुळे दिवाळीच्या सुटीत, पहिली वेचणी आटोपल्यावर, मी मुंबईला जाऊन तीन दिवस पायी फिरले असे सांगितले, तेव्हा मैत्रिणींनी पहिला प्रश्न केला, "कावून? लोकल बंद होती काय?"

लोकल चालू होती, वाचकहो! मला चालायचेच होते.

त्याचे कारण आमचे आजोबा. आमचे गाव कारंजा तालुक्यात. आजोबा बैलगाडीने कापूस कारंज्याच्या जिनात नेत. तिथे सरकी निघे, रुईच्या गठाणी बांधल्या जात आणि शकुंतलेवर चढत. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर ही आमची अरुंद रुळांची गाडी. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीने ती कापसासाठीच घातली. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. कापूस तिकडे गेला आणि इंजिन इकडे आले, असा तो व्यवहार! आता गाडी बंद आहे आणि रुळांत बाभळी वाढल्या आहेत. आजोबांनी जन्मभर गठाणी मूर्तिजापूरच्या दिशेने जाताना पाहिल्या. त्यापुढे त्यांना एवढेच ठाऊक होते, "ममईले जाते." ते स्वतः कधी गेले नाहीत. त्यांच्या पश्चात आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, तेव्हा बघून येणे माझ्याकडे आले असे मी धरून चालले.

उतरले शिवडीला, मामाकडे. मामा एका गोदामावर पहारेकरी आहे. बावीस वर्षे मुंबईत राहून त्याची मुंबई खोली ते गोदाम एवढीच. त्याने मला एकच उपदेश केला, "हरपली तं स्टेशन इचार. इथं सारे रस्ते स्टेशनालेच जातात."

पहिल्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुरुवात केली. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली ही इमारत १८८८ साली पुरी झाली. दगडात कोरलेले पशुपक्षी, पाने, वेली. मी मान वर करून अर्धा तास उभी होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसांचा लोंढा वाहत होता. एकानेही वर पाहिले नाही. मुंबईकरांना मान वर करायला सवड नसते, हे माझे मुंबईविषयीचे पहिले मत, आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही. मात्र "कुठं चालली?" असेही कुणी विचारले नाही. त्या न विचारण्याचा मला किती आनंद झाला, हे मुलांना सांगून कळायचे नाही.

तिथून हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचे स्मारक. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हाती एकच मशाल. (आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या हाती रात्री बॅटरी असते, कारण पंपाची वीज रात्री येते.) पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि समोर १८३३ सालचा टाऊन हॉल. त्याच्या तीस पायऱ्या मी मोजून चढले आणि वरच्या पायरीवर डबा उघडला. समोर झाडी आणि बाकांवर पेंगणारी माणसे. पण एके काळी इथे उघडे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गठाणींचे ढीग लागत. गर्दी फार झाली म्हणून १८४४ साली तो बाजार कुलाब्याला हलवला. भाकरी खाता खाता मी त्या बागेत गठाणी रचून पाहिल्या. माझ्या डोळ्यांना ते जड गेले नाही. जिनाचे आवार मी लहानपणापासून पाहिले आहे.

दुपारी ओव्हल मैदानावर आले आणि राजाबाई टॉवर दिसला. उंची २८० फूट. हा मनोरा आणि त्याखालचे मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले. मनोऱ्याला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंदांचा पैसा त्या तेजीतला. वऱ्हाड तर १८५३ पासूनच इंग्रजांच्या हाती होता, तेव्हा त्या तेजीत आमच्या काळ्या मातीतली रुईही होतीच. मी मैदानाच्या कडेला बसून बराच वेळ त्या मनोऱ्याकडे पाहत राहिले. १८७८ साली कापसाच्या पैशावर इथे ग्रंथालय उभे राहिले. कापूस पिकवणाऱ्या आमच्या घरात पंचांगाखेरीज पहिले पुस्तक आले, ते माझ्या शाळेच्या दप्तरातून. याचा मला राग आला की अभिमान वाटला, हे तेव्हा ठरवता आले नाही. घड्याळात पाच वाजले आणि मी उठले.

गेटवे पाहिला, मरीन ड्राइव्हवर पाय मोडेस्तो चालले. त्यांचे वर्णन दरवर्षी कुणी ना कुणी करतेच, म्हणून सोडून देते.

दुसऱ्या दिवशी गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी विझत गेली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, आणि आत जुने धुराडे तेवढे राखले आहे. तिथल्या एका काचेआड सुती सदरा टांगला होता, किंमत ३,९९९ रुपये. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे सदऱ्याला अर्धा क्विंटल! आई दिवसभर वाकून चाळीसेक किलो वेचते. दुकानातल्या मुलीने अदबीने विचारले, "काही दाखवू का?" मी म्हटले, "नको, बघितला."

तिसऱ्या दिवशी शिवडीहून चालत कॉटन ग्रीनला गेले. कुलाब्याहून बाजार पुढे इकडे आला, त्याचे नाव स्टेशनाला राहिले. कापसाच्या नावाचे स्टेशन! फलाटावर मी ती पाटी तीनदा वाचली. बाहेर कॉटन एक्स्चेंजची भव्य जुनी इमारत, रुंद रस्ते, लांबच लांब गोदामे, उभे ट्रक. रुईचा एक पुंजकाही कुठे दिसेना. तिथूनच बाबांना फोन लावला.

"पोचलो बाबा, जिथं आपला कापूस येत जाय तिथं."

"मंग? दिसला का?"

"नाही. नुसते गोदामं हायेत."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मागे बैलाची घंटा वाजली. मग म्हणाले, "बरं, आलीच हायेस तं इचारून घे. भाव काय हाय म्हणा तिथं?"

मी समोर पाहिले. एक म्हातारा हमाल ट्रकच्या सावलीत बिडी ओढत बसला होता. मी रस्ता ओलांडला आणि त्याला विचारायला गेले.