तुंबलेला बंब

नरकचतुर्दशीची पहाट. रिहे गावच्या आमच्या घरी अभ्यंगस्नानासाठी मी तांब्याचा बंब पेटवला. धुराने डोळे चुरचुरले, पाणी मात्र गारच! मी ओल्या लाकडांना दोष देऊ लागलो.

"लाकडं नव्हेत रे, नळी बघ," आई म्हणाली.

निखारे काढले, मधल्या नळीत वरून काठी घातली, तो काजळीचे ढेकूळच खाली आले. वडील दर दसऱ्याला ती नळी साफ करीत. ते गेल्यापासून तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. वाट मोकळी होताच जाळाने ओढ घेतली, पाणी वाफाळले.

इतक्यात लंडनहून मुलाचा फोन आला. तिकडे मध्यरात्र, नि थंडीने त्याला झोप नव्हती. तिथल्या घरांत बॉयलरचे गरम पाणी नळ्यांतून खोलीखोलीतल्या रेडिएटरांत फिरते.

"बाबा, रेडिएटर वर गरम, खाली गार. हवा अडकली असती तर वरून गार राहिला असता. हा तळाशी गंजाचा गाळ बसलाय. नळ्या धुवून काढायला माणूस उद्या येईल."

आई हसली. "म्हणजे त्याचाही बंबच तुंबला!"

पुढच्या दसऱ्याला नळी कोण साफ करणार, हे तिने विचारले नाही. उटण्याची वाटी तेवढी माझ्यापुढे सरकवली.