एडवणचा किनारा आणि घरची राखण

पश्चिम रेल्वेने सफाळ्याला उतरावे आणि समुद्राची दिशा धरावी, म्हणजे एडवण येते. आशापुरी देवीचे दर्शन घ्या, किनाऱ्यावर घटकाभर बसा. पण ज्या घरात दिव्यांग लेकरू आहे, तिथल्या आईला हे बसणे कुठले? वाडीचे शिंपणे वाटून घेता येते, लेकराची अंघोळ, भरवणे, रात्रीचे जागरण मात्र तिच्याच वाट्याला. नातेवाईक नवस सुचवतात. दोन तास राखणीला कोणी बसत नाही.

अशा घरांसाठी १९९९च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट निघाला. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षम आणि बहुविकलांग मुले त्यात येतात. ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळतो, थेरपीचाही. ‘समर्थ’ योजनेच्या केंद्रात मूल थोडे दिवस ठेवून आईबापांना विसावा घेता येतो. केंद्रे मोजकी, खेड्यापासून लांब. तेव्हा शेजारणीशी आधी बोला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात, ते कुठे गेले हे ग्रामसभेत विचारायला लाजू नका.

आणि आईबापांना जाळणारा प्रश्न: आमच्यामागे याचे कोण? मूल १८ वर्षांचे झाले, की या कायद्याखाली पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकारी त्या समितीचे अध्यक्ष असतात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा या कामासाठी आता ठाणे गाठायला नको.