“दादा, हितं औषध मारलंय का?”

दरवर्षी आषाढात आमच्या बागेत टाकळा आणि केना खुडायला येणाऱ्या कातकरी मावशींनी यंदा कुंपणाबाहेर उभं राहूनच विचारलं. आधी कधी विचारलं नव्हतं. हा प्रश्न माझ्यामुळेच निर्माण झाला, म्हणून लिहितोय.

नेरे बाजूला आमची आंब्याची साठेक झाडं, कडेला नारळ. काही वर्षांपूर्वी बेणणीला माणसं मिळेनाशी झाली. पनवेलात विमानतळ, गोदामं, सोसायट्यांची कामं असताना पावसात विळा घेऊन कोण वाकणार? मी कृषी सेवा केंद्रात गेलो. “ग्लायफोसेट मारा, मुळासकट जातं.” मारलं. सांगितलं ते खोटं नव्हतं. हे औषध पानातून आत शिरतं आणि मुळांपर्यंत उतरतं. पंधरा-वीस दिवसांत हराळीसुद्धा पिवळी पडली. मी खूश.

पुढच्या पावसात त्या मोकळ्या जमिनीवर केन्याचा गालिचा! केन्याला ग्लायफोसेट फारसं बाधत नाही. वरून कोमेजतो, पेरातून परत फुटतो. त्यात त्याला जमिनीखालीसुद्धा फुलं येतात आणि तिथंच बी धरतं. आधी गवताच्या गर्दीत तो बेताने राहायचा. त्याची गर्दी मीच हटवली.

परत दुकानात. “मग पॅराक्वॉट घ्या.” दोन दिवसांत बाग भाजल्यासारखी दिसली. पण हे औषध जिथं लागतं तेवढाच हिरवा भाग जाळतं. हराळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी खाली शाबूत. तीन आठवड्यांत सगळं परत हिरवं. हे पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे मिळतं, आणि मी ते साधा रुमाल बांधून मारलं होतं.

तिसऱ्या वर्षी टू-फोर-डी. रुंद पानांचं तण गेलं, गवताला रान मोकळं मिळालं. वाऱ्याने तुषार उडाले आणि शेजारच्या काकूंच्या भेंडीची पानं वळली. काकूंनी भरपाई मागितली नाही. बोलणं मात्र कमी झालं.

तीन वर्षं, तीन औषधं. तण संपलं नाही, फक्त बदललं. आपण कुठलं औषध घेतो त्यावर पुढच्या वर्षी कुठलं तण माजणार हे ठरतं, एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही, मीही विचारली नाही. तेच तेच औषध मारत राहिलं तर काय होतं तेही जगाने पाहिलंय. नाचणीच्या कुळातलं, आपल्याकडेही वाटेवर उगवणारं एक गवत मलेशियात १९९७ सालीच ग्लायफोसेटला दाद देईनासं झालं होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेटची फवारणी फक्त कीड-नियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच करायची. मला काउंटरवर एकाही खरेदीच्या वेळी कुठलं पीक, कोण मारणार, शेजारी काय आहे, असं काही विचारलं गेलं नाही. फक्त “किती लिटर?”

तणनाशक म्हणजे पाप असं माझं म्हणणं नाही. आपल्याच रायगडात, नेरळच्या सगुणा बागेतून आलेल्या एसआरटी भातपद्धतीत ते वापरतात. नांगरट टाळायची, जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची, असा त्यामागे विचार आहे. माझ्याकडे विचार नव्हता, फक्त घाई होती. आणि आमच्या उतारावर उघडी पडलेली माती पावसाबरोबर ओढ्यात गेली, ती वेगळीच.

यंदा बुंध्याभोवतीचं आळं विळ्याने साफ केलं. बाकी बाग ग्रासकटरने, तण बी धरायच्या आधी कापली आणि कापलेलं गवत आळ्यातच पसरलं. खर्च जास्त आला, खोटं कशाला बोलू? पण गवत आता नोकरासारखं मातीवर बसून आहे.

बागायतदार मित्रांनो, फवारलंत तर निदान बांधावर एक पाटी लावा. कारण बांधावरची भाजी आपल्याच बाजारात जुड्या बांधून येते आणि आपलीच पोरं खातात. ग्रामसभेत हा विषय काढणार आहे, सोबत या.

मावशींना मी खरं तेच सांगितलं: “यंदा नाही मारलं. गेल्या साली मारलं होतं.”

त्या थोडा वेळ टाकळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग फुडल्या साली येते.”

आणि रिकामी पाटी घेऊन पुढे गेल्या.