वेगाचा मोह

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या माणसाच्या खोलीत डोकावलं, तर टेबलाला बोल्टने आवळलेला हिरवा लोखंडी प्रेस हमखास दिसतो. त्यावर ‘आरसीबीएस’ अशी अक्षरं असतात. या नावाची गोष्ट 1943 सालची. महायुद्ध ऐन भरात होतं, तांबं आणि शिसं लष्कराकडे जात होतं, आणि शिकाऱ्याला दुकानात गोळ्या मिळत नव्हत्या. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टनने .22 रिमफायर काडतुसांच्या वापरून टाकलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचं कवच घडवणारा डाय, म्हणजे साचा, बनवला. आत शिसं भरलं की बारीक व्यासाची गोळी तयार. ती ‘रॉक चक’ म्हणजे तिकडच्या मार्मोटवर चालवायची, म्हणून डायचं नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’, आणि त्याची आद्याक्षरं कंपनीला चिकटली. या धंद्यातलं एक मोठं नाव असं टंचाईतून आणि छोट्या जनावराच्या शिकारीतून आलं आहे.

मी मूळचा खडकीचा. 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या गावात वाढलो, पण काडतूस स्वतः भरायला शिकलो ते नेब्रास्कात. पेशाने धातुशास्त्रज्ञ असल्यामुळे मला आधी ओढ लागली ती पितळाची. बंदूक नंतर आली. तीही ग्रीन कार्ड हातात पडल्यावर, कारण कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथला केंद्रीय कायदा काही अपवाद वगळता बंदूक आणि काडतुसं बाळगू देत नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायचं तर लागतो. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि वन्यप्राण्यांची शिकार 1972 च्या कायद्याने बंद आहे. तेव्हा हा लेख वाचण्यापुरताच.

माझं जनावर म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा बराच लहान असा हा प्राणी. त्याच्यासाठी वापरतात त्या रायफलींच्या काडतुसांचा इतिहास पाहिला, तर तो वेगाच्या शर्यतीचा इतिहास आहे. 1935 साली विंचेस्टरने .220 स्विफ्ट बाजारात आणली. तिची 48 ग्रेनची गोळी सेकंदाला 4,110 फूट, म्हणजे सव्वा किलोमीटर, असा वेग जाहीर करून आली आणि शिकारी वेडे झाले. 1950 मध्ये रेमिंग्टनच्या माइक वॉकरची .222 आली; वेगाने कमी, पण नेमाला इतकी पक्की की बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम धरण्याच्या, स्पर्धांत ती वर्षानुवर्षं गाजली. तिच्याच घराण्यातली .223 1964 ची. .22-250 तर कित्येक वर्षं हौशी लोकांनी घरोघरी घडवलेलं काडतूस होतं. रेमिंग्टनने 1965 मध्ये त्याला कारखान्याचं रूप दिलं. 2004 च्या .204 रुगरने 4,225 फुटांचा आकडा गाठून स्विफ्टची जाहिरात मागे टाकली.

नवशिक्याला हे आकडे चढतात. हातात प्रेस आणि तराजू आला की त्याला वाटतं, चिमूटभर दारू वाढवली की कारखान्याच्या पुढे गेलो. मी ज्यांना ज्यांना हे काम शिकवतो त्यांच्या डोक्यातून पहिल्यांदा हेच काढावं लागतं. घरी काडतूस भरण्याचं खरं फळ सारखेपणात आहे, वेगात नाही.

काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि गोळी. पुंगळी पुन्हा भरायची तर वापरलेला प्रायमर आधी काढावा लागतो, आणि तो बोटाने बाहेर येत नाही. पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यातून डायची सुई आत जाऊन त्याला ढकलते. ही बॉक्सर पद्धत ब्रिटिश कर्नलच्या नावाची, पण अमेरिकेने उचलली. बुडाला दोन भोकं असलेली बर्डान पद्धत अमेरिकन माणसाची, पण ती युरोपात रुळली. आमच्या छंदाच्या दृष्टीने हा उलटा व्यवहार फायद्याचाच ठरला.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. बार निघतो तेव्हा ती फुगून रायफलीच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते. पुन्हा भरायची तर डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते. पितळ जितकं ठोकाल तितकं कडक होत जातं, हे पुण्याच्या तांबट आळीत कुणीही सांगेल. भांडं मधूनमधून भट्टीत तापवून नरम करावं लागतं. पुंगळीची मानही तशीच तापवतात. बूड मात्र कधीही तापवायचं नाही, कारण सगळा दाब तिथे पेलायचा असतो. .223 साठी ठरलेली कमाल मर्यादा 55,000 पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे 3,700 पट.

हा दाब पुंगळीला लांबवतोही. भिंत चेंबरला चिकटलेली आणि बूड मागे रेटलं जातंय, अशा ओढाताणीत बुडाच्या किंचित वर पितळ पातळ होतं. बाहेरून तिथे एक फिकट, चकचकीत कडं दिसू लागतं. ते दिसण्याआधीच पकडायचं तर बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून आत घालायचं आणि भिंतीवरून बुडापासून वर ओढायचं. धड पुंगळीत तार सरळ सरकते. थकलेल्या पुंगळीत बुडाजवळ टोक खाचेत अडकल्याचं बोटाला कळतं. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकायची, म्हणजे ती चुकून परत डब्यात जात नाही. डाय सेट करताना पुंगळीचा खांदा दोन हजारांश इंचाहून फार मागे ढकलला नाही, तर हे दुखणं बरंच लांबणीवर पडतं.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. या छंदाची दारूही युद्धाच्या शिलकीतून आली. कॅन्सासच्या ब्रूस हॉजडनने युद्धानंतर सैन्याची उरलेली दारू घाऊक घेऊन किरकोळीने विकली. त्याच्या एका दारूला नाव नव्हतं, त्याच्या .22-250 मध्ये ती 38.0 ग्रेन भरली की नेम सुरेख जमायचा, म्हणून तिचं नाव एच380 पडलं. तो आकडा त्याच्या रायफलीचा होता, तो उचलून आपल्या पुंगळीत ओतायचा नसतो. दारूच्या कंपनीचं ताजं मॅन्युअल उघडायचं, त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून थोडं थोडं वर चढायचं आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. दोन डबे उघडे असतील तर हात कधी ना कधी चुकतो, आणि ही चूक दुरुस्तीला वाव देत नाही.

कायोटीचा मोसम थंडीचा, कारण तेव्हा केस दाट असतात. उन्हाळ्यात वरच्या टोकाला जुळवलेलं माप उणे वीस अंशांत वेगळं वागतं आणि थंडीत जुळवलेलं जुलैत दाब ओलांडू शकतं. तापमानाला कमी दाद देणाऱ्या दारू आता मिळतात. हॉजडनच्या अशा काही दारू ऑस्ट्रेलियात बनतात. तरीही ज्या हवेत शिकार करायची त्याच हवेत तपासणी करावी.

तपासणीतही स्वतःची फसवणूक सोपी. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या की फोटो काढून मित्रांना पाठवला जातो. पण तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र पडतात. दहा झाडल्या की खरा पसारा कळतो, आणि तो पहिल्या फोटोइतका देखणा नसतो.

आता वेगाकडे परत येतो. कायोटीसाठीच्या गोळ्या मुद्दाम नाजूक असतात : पातळ कवच, टोकाला प्लास्टिक. गोळी आत शिरून फुटावी, पलीकडे भोक पडू नये, कातडं शाबूत राहावं आणि जनावर जागीच पडावं, असा हिशेब. नळीत बारा इंचांत एक पीळ असेल, तर 3,200 फुटांच्या वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला 1,92,000 फेरे घेते. पातळ कवचाची गोळी याच्याही फार पुढे रेटली तर वाटेतच विस्कटू शकते, किंवा जवळच्या जनावराच्या खांद्यावर आदळून वरच्यावरच फुटते. मग कातडंही जातं आणि जखमी जनावर पळून जातं. जास्त दारूने नळीही लवकर झिजते, ते वेगळंच.

आणि वारा वेगाला फारसा जुमानत नाही. कायोटीला बोलावतात सशाच्या किंकाळीच्या आवाजाने. तो वळसा घालून वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो. ती बाजू नजरेत राहावी म्हणून शिकारी वारा आडवा घेऊन बसतो. म्हणजे समोरून येणाऱ्या जनावरावर बार काढायचा तो बहुधा आडव्या वाऱ्यातच. ताशी 16 किलोमीटरचा वारा .223 ची 55 ग्रेनची गोळी 300 यार्डांवर 25 सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो. कायोटीच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम 15 सेंटिमीटरची. शंभर फूट जादा वेगाने यातली दोन बोटंसुद्धा वाचत नाहीत.

मराठी मित्र विचारतात, मारायचा तरी कशाला? माझ्या शिकारीने कायोटी कमी होतील असा दावा मी करत नाही. शतकभर विष, सापळे आणि गोळ्या चालूनही तो अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. संख्या घटली की उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात. नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये गाई व्यायच्या दिवसांत वासरांना सोकावलेलं जनावर मारलं, तर त्या मालकाला त्या वर्षापुरता दिलासा मिळतो, इतकंच. एवढ्याशा कारणासाठी जीव घ्यायचा, तर निदान तो तडफडू नये ही जबाबदारी पूर्ण आपली.

सारख्या भरलेल्या काडतुसाचा उपयोग इथे होतो. त्याची गोळी 250 यार्डांवर कुठे पडणार हे पक्कं माहीत असलं की 350 यार्डांवर, वाऱ्यात, उभ्याने बार काढायला सबब उरत नाही. म्हणून मी शिकणाऱ्याच्या वहीत वेगाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखायला लावतो : या काडतुसाने किती अंतरापलीकडे चाप ओढायचा नाही. तो आकडा त्याने स्वतः दहा-दहा गोळ्या झाडून भरायचा. तो भरला गेला की मॅन्युअलमधल्या कमाल मापाकडे त्याचं लक्ष आपोआप कमी जातं.